व्होल्टेज फ्लक्च्युएशनच्या नावाखाली नेमकं काय होतंय ते कसं शोधायचं

"आमच्याकडे व्होल्टेज फ्लक्च्युएट होतं" असं म्हणून लोक डायरेक्ट स्टॅबिलायझर आणून बसवतात, पैसे जातात आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) काही ट्रिप मारायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा, थांबत नाही. होणारच ना असं, कारण त्या एका वाक्यात सॅग (क्षणभर पडलेलं व्होल्टेज) पण आला, तुटका न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) पण आला, हार्मोनिक्स (बिघडलेला करंटचा आकार) आले आणि वीज पडल्यावर येणारा सर्ज (क्षणभर उसळलेलं व्होल्टेज) पण आला, आणि यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, काही वेळा तर एकाचा उपाय दुसऱ्याला बाधतो. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी प्रकार ओळखायचा. वाटतं तेवढं अवघड नाहीये ते, थोडा धीर पाहिजे आणि एक वही पाहिजे.

पुढचे आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ धरून आहेत, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. ६० हर्ट्झवाल्यांनी सायकल साधारण १६.७ मिलिसेकंद धरायची, हिशोब तोच.

आणि हे आधीच सांगून ठेवतो, पॅनेल उघडून मोजायचं काम ज्याला लाइव्ह पॅनेलवर काम करायची सवय आणि परवानगी आहे त्यानेच करायचं. मीटर आणि प्रोब दोन्ही कॅट-३ (मीटरवर छापलेला सुरक्षेचा वर्ग) रेटिंगचे, मेन इनकमरला (बाहेरचा सप्लाय आत येतो तिथे) मोजणार असाल तर कॅट-४. पॅनेलमध्ये सीटी (करंट मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर) असेल तर लोड चालू असताना तिची सेकंडरी कधीही ओपन करायची नाही, तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं.

आधी वही

मीटर नंतर. आधी एक आठवडा जे काय होतंय ते लिहून काढा: तारीख, वेळ सेकंदासकट जमली तर उत्तमच, कुठलं मशीन बंद पडलं, डिस्प्लेवर कोड काय होता, लाईट डिम झाले का जास्त उजळले का पूर्ण गेले, आणि त्याच वेळी आवारात दुसरं काय चालू किंवा बंद झालं. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात आणि तोच सगळ्यात कामाचा असतो. लिफ्ट, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, पंप, मोठा एसी, हे सगळं वहीत आलं पाहिजे.

ड्राइव्ह आणि यूपीएसचा फॉल्ट लॉग पण काढा. "अंडरव्होल्टेज" आणि "डीसी बस ओव्हरव्होल्टेज" (डीसी बस म्हणजे ड्राइव्हच्या आतला डीसी सप्लाय) हे दोन कोड एकमेकांच्या अगदी उलट गोष्टी सांगतात, पण ऑपरेटरच्या तोंडी दोन्हीचं "ट्रिप मारला" एवढंच होतं. आणि हे लॉग वाचताना घड्याळं बघून घ्या, पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) घड्याळ, यूपीएसचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यात चार-पाच मिनिटांचा फरक अगदी कॉमन आहे, तो फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर नंतर कुठली घटना कुठल्या घटनेची ते जुळवताना डोकं फिरतं.

आठवडाभरात बऱ्याचदा पॅटर्न दिसायला लागतो. रोज सकाळी ठरावीक वेळी होतंय, फक्त पावसात-वाऱ्यात होतंय, फक्त कॉम्प्रेसर सुरू होताना होतंय, का वेळकाळ न बघता केव्हाही होतंय. या चारही गोष्टींची कारणं वेगळी.

क्षणभरचा सॅग, सगळ्यात जास्त बदनाम स्टॅबिलायझर इथेच होतो

व्होल्टेज काही सायकलसाठी खाली जातं आणि परत येतं, तो सॅग, काही जण डिप म्हणतात. आयईईई ११५९ या स्टँडर्डनुसार व्होल्टेज नॉर्मलच्या १० ते ९० टक्क्यांच्या मधे आलं आणि ते अर्ध्या सायकलपासून एका मिनिटापर्यंत राहिलं की सॅग. १० टक्क्यांच्याही खाली गेलं की त्याला इंटरप्शन म्हणायचं. एका मिनिटापेक्षा जास्त वेळ खाली राहिलं तर ते अंडरव्होल्टेज, ती वेगळी केस, तिच्याकडे नंतर येऊ.

हा येतो कुठून? लाइनवर कुठेतरी फॉल्ट होतो, झाडाची फांदी लागते, इन्सुलेटर फुटतो, वीज पडते, आणि तो फॉल्ट प्रोटेक्शन तोडेपर्यंत आसपासच्या सगळ्या फीडरांचं (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनींचं) व्होल्टेज ओढलं जातं. हाय व्होल्टेज लाइनवर हे चार-पाच सायकलमध्ये उरकतं, डिस्ट्रिब्युशनला जास्त वेळ लागू शकतो. ज्या फीडरवर फॉल्ट आहे त्यांची लाईट जाते, शेजारच्या फीडरवाल्यांना फक्त सॅग दिसतो. लाईट गेली-आली, गेली-आली आणि मग कायमची गेली असं झालं ना, की समजायचं रिक्लोजर (लाइन आपोआप परत जोडणारा ब्रेकर) परत परत ट्राय करतोय आणि फॉल्ट काही निघत नाहीये. दुसरं कारण आवारातलंच, मोठी मोटर डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, सुरू केली की फुल लोड करंटच्या सहा-सात पट करंट ओढते, तेव्हा व्होल्टेज खाली येणारच.

आता १०० मिलिसेकंदांच्या सॅगमध्ये मशीन का पडतं ते बघा. बहुतेक वेळा मोटर बिचारी पडत नाहीच, तिच्या इनर्शियावर ती आरामात निघून जाते, पडतो तो कंट्रोल सर्किटमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलवर चालणारा स्विच. स्टँडर्डप्रमाणे एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर ७५ ते २० टक्क्यांच्या मधे कुठेही ड्रॉप व्हायला मोकळा आहे, म्हणजे एकाच पॅनेलमधले दोन वेगवेगळ्या मेकचे कॉन्टॅक्टर एकाच सॅगला वेगळे वागू शकतात, एक टिकतो आणि एक सुटतो, आणि होल्डिंग कॉन्टॅक्ट (कॉइलचा सप्लाय धरून ठेवणारा) उघडला की व्होल्टेज परत आलं तरी मशीन आपोआप सुरू होत नाही. ऑपरेटर म्हणतो "लाईट तर गेली नव्हती, मशीन का थांबलं?" तर म्हणून थांबलं. म्हणजे पन्नास किलोवॅटची लाइन थांबते ती एका छोट्याशा कॉइलमुळे, आणि लोक सर्च करत बसतात पन्नास किलोवॅटचं सोल्युशन.

सर्व्हो स्टॅबिलायझर इथे काहीच करू शकत नाही. त्यात एक मोटर असते, ती ब्रश सरकवते, तिला दुरुस्ती करायला सेकंद लागतात आणि सॅग तोपर्यंत येऊन गेलेला असतो. उलट कधीकधी तो दुरुस्ती करायला निघतो आणि तेवढ्यात व्होल्टेज पूर्ववत होतं, मग क्षणभर आउटपुट वर जातं.

काय करायचं मग, तर आधी पडतंय नेमकं कोण ते शोधा. कंट्रोल सप्लाय वेगळा काढा, आणि फक्त तेवढ्यालाच छोटा ऑनलाइन यूपीएस किंवा कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर द्या. हा फेरोरेझोनंट ट्रान्सफॉर्मर घेताना साइज लोडच्या दुप्पट-अडीचपट घ्यायचा, काठोकाठ लोड केला की सॅगमध्ये तो स्वतःच कोलमडतो, आणि कॉन्टॅक्टर पिकअप होतानाचा इनरश (सुरुवातीचा जादा करंट) पण धरायचा. कॉइलसाठी होल्ड-इन मॉड्यूल मिळतात, ते स्वस्तात भागतं, पण इमर्जन्सी स्टॉपच्या सर्किटशी त्याचं काय होतं ते तपासल्याशिवाय लावायचं नाही, स्टॉप दाबल्यावर कॉन्टॅक्टर धरून बसला तर काय उपयोग. ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा "कायनेटिक बफरिंग" (सॅगमध्ये फिरत्या मोटरची ऊर्जा वापरणं) किंवा "फ्लाइंग स्टार्ट" (फिरती मोटर परत पकडणं) अशी पॅरामीटर फॅक्टरीतून बंद असतात, ती मॅन्युअल वाचून चालू करता येतात, फुकटातलं काम आहे हे. अर्थात मशीन आपोआप परत फिरायला लागलं तर माणसाला धोका आहे का हे आधी बघायचं.

कॉम्प्युटर टाइप उपकरणांसाठी आयटीआयसी कर्व्ह म्हणून एक गाइडलाइन आहे, त्यात शून्य व्होल्टेज २० मिलिसेकंद, ७० टक्के व्होल्टेज अर्धा सेकंद आणि ८० टक्के व्होल्टेज १० सेकंद एवढं उपकरणाने सहन करावं असं धरलंय. तुमच्या लॉगमधले सॅग या रेषांच्या आतले असूनही कॉम्प्युटर रिस्टार्ट होत असेल तर सप्लायला शिव्या देण्याआधी त्याचा पॉवर सप्लाय बदलून बघा, आतले कपॅसिटर म्हातारे झालेले असतात.

सॅग आपला का बाहेरचा, हे ओळखायची ट्रिक सोपी आहे. इनकमरवर व्होल्टेज आणि करंट एकत्र रेकॉर्ड करायचा. व्होल्टेज पडतंय त्याच क्षणी करंट एकदम चढला असेल तर कारण मीटरच्या पुढे, म्हणजे तुमच्या बाजूला. करंट तसाच राहिला किंवा उतरला तर कारण मागे, सप्लायच्या बाजूला. आकार पण बोलतो: एकदम खाली जाऊन हळूहळू वर येणारा सॅग मोटर स्टार्टचा, आणि सरळ खाली, सपाट तळ, सरळ वर असा चौकोनी असेल तर फॉल्टचा.

न्यूट्रल, इथे उशीर करू नका

बाकी सगळं निवांत मोजता येतं, हे नाही. एका खोलीतले बल्ब नेहमीपेक्षा जास्त उजळलेत आणि दुसऱ्या खोलीतले डिम झालेत, किंवा एक लोड चालू केला की दुसरीकडचा लाईट उजळतो, असं दिसलं की मेन बंद करा. मीटर नंतर आणा. हा थ्री फेज सप्लायमधला तुटलेला किंवा लूज झालेला न्यूट्रल असतो.

काय होतं ते हिशोबाने बघू, म्हणजे भीती का वाटली पाहिजे ते कळेल. न्यूट्रल तुटला की दोन फेजवरचे सिंगल फेज लोड एकमेकांशी सिरीजमध्ये येऊन ४०० व्होल्टवर बसतात. एका फेजवर १०० वॉटचा बल्ब, म्हणजे साधारण ५२९ ओहम, आणि दुसऱ्यावर १००० वॉटचा हीटर, म्हणजे ५२.९ ओहम. व्होल्टेज रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाटलं जातं, त्यामुळे बल्बवर येतात जवळपास ३६४ व्होल्ट आणि हीटरवर फक्त ३६. म्हणजे ज्या फेजवर लोड कमी तिथली नाजूक उपकरणं आधी जळतात, टीव्ही, चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर. आणि एमसीबी पडत नाही, कारण करंट कुठे जास्त आहे? कमीच आहे उलट. सर्ज प्रोटेक्टर पण वाचवत नाही, त्यातला व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अडवणारा भाग) बहुतेक २७५ व्होल्टपर्यंत सतत चालेल असा असतो, साडेतीनशे व्होल्ट मिनिटभर राहिले तर तोच पेटतो.

सिंगल फेजच्या जागेत तुमचा एकट्याचा न्यूट्रल तुटला तर चित्र वेगळं: सगळं बंद पडतं, पण टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत दिवा लागतो, कारण चालू असलेल्या उपकरणातून फेज फिरून न्यूट्रलच्या वायरवर आलेली असते. "लाईट गेलीये" समजून अशा वेळी न्यूट्रलला हात लावणारे असतात, ते करू नका. मेन बंद करून माहितगार माणसाला बोलवायचं.

तुटायच्या आधी न्यूट्रल सहसा काही दिवस इशारे देतो, जॉइंटवर काळपट डाग, वितळलेलं इन्सुलेशन, लोड वाढला की बदलणारं न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज. साधारण एक-दोन व्होल्ट दिसणं नॉर्मल आहे, लोड वाढल्यावर ते दहा-पंधरापर्यंत उड्या मारत असेल तर जॉइंट शोधत मागे मागे जायचं. थ्री फेज इनकमरला ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवला तर असा प्रकार झाल्यावर तो सप्लाय तोडतो, आणि माझ्या मते स्टॅबिलायझरच्या आधी घ्यायची वस्तू ती आहे. न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एकट्या न्यूट्रलचा स्विच तर कधीच टाकायचा नाही.

लूज कनेक्शनबद्दल अजून एक, ते फेजमध्ये असलं तरी "फ्लक्च्युएशन" सारखंच दिसतं. शोधायला लोड चालू असताना ब्रेकरच्या किंवा लगच्या (केबलच्या टोकाच्या जोडाच्या) दोन्ही बाजूंना प्रोब लावून मिलिव्होल्टमध्ये ड्रॉप मोजायचा. तिन्ही पोलमध्ये करंट साधारण सारखा असताना एकाचाच ड्रॉप बाकी दोघांच्या कितीतरी पट असेल तर चोर तिथेच आहे. थर्मल कॅमेरा असेल तर काम अजून सोपं, पण तो पण लोड चालू असतानाच फिरवायचा, सुट्टीच्या दिवशी फिरवलेल्या कॅमेऱ्याचे फोटो छान येतात, सापडत काही नाही.

तासन्‌तास कमी किंवा जास्त

ही स्टॅबिलायझरची खरी जागा. संध्याकाळी व्होल्टेज २०० च्या आसपास आणि मध्यरात्री २५० असं हळूहळू बदलत असेल तर सर्व्हो किंवा टॅप बदलणारा स्टॅबिलायझर बरोबर काम करतो. युरोपातलं ईएन ५०१६० स्टँडर्ड असं म्हणतं की आठवडाभरातल्या १०-१० मिनिटांच्या सरासऱ्यांपैकी ९५ टक्के २३० च्या ±१० टक्क्यांत, म्हणजे २०७ ते २५३ मध्ये असाव्यात. आधी इनकमरवर आणि लोडच्या टोकाला एकाच वेळी मोजा, इनकमरला २२८ आणि टोकाला २०५ असेल तर प्रॉब्लेम सप्लायचा नाहीच, केबल बारीक आहे किंवा लांब आहे. मोटरवाल्यांनी लक्षात ठेवायचं की टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, ८० टक्के व्होल्टेजला फक्त ६४ टक्के टॉर्क, त्यामुळे भरलेला कन्व्हेयर सुरूच होत नाही आणि मोटर घरघरत तापते.

तीन फेज सारख्या नसतील तर

फेज-टू-फेज तीन रीडिंग घ्या, समजा ४२०, ४१० आणि ४०० आली. सरासरी ४१०, सगळ्यात जास्त फरक १०, म्हणजे अनबॅलन्स १० भागिले ४१०, साधारण २.४ टक्के. ऐकायला किरकोळ, पण मोटरमध्ये करंटचा अनबॅलन्स याच्या सहा ते दहा पट होऊ शकतो, आणि तापमानवाढ अंदाजे अनबॅलन्सच्या वर्गाच्या दुप्पट टक्क्यांनी वाढते, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या अनबॅलन्सला २५ टक्के जास्त गरमी. नेमा या अमेरिकन संस्थेची शिफारस अशी की एक टक्क्याच्या वर गेलं की मोटर डीरेट करा, म्हणजे कमी लोडवर चालवा, आणि पाच टक्क्यांच्या वर चालवूच नका.

करंट वेगवेगळे दिसले की भांडण सुरू होतं, मोटर खराब का सप्लाय खराब. एक जुनी आणि पक्की टेस्ट आहे: तिन्ही करंट लिहून ठेवा, मोटर आयसोलेट करून तिन्ही लीड एक-एक घर पुढे सरकवा, तिन्ही सरकवल्यामुळे फिरायची दिशा तीच राहते, आणि परत मोजा. जास्तीचा करंट सप्लायच्या त्याच फेजवर राहिला तर दोष सप्लायचा, मोटरच्या लीडबरोबर सरकला तर दोष वायंडिंगचा. दोन लीड बदलू नका, मोटर उलटी फिरेल.

हार्मोनिक्स

ज्या लोडमध्ये पुढेच रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आहे, म्हणजे कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय, एलईडी, व्हीएफडी (म्हणजे वरचाच ड्राइव्ह), यूपीएस, ते करंट साइन वेव्हमध्ये न घेता तुकड्या-तुकड्यांत घेतात. त्यातून ५० च्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, त्यांनाच हार्मोनिक्स म्हणायचं. सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक्समध्ये तिसरा जोरात असतो, १५० हर्ट्झ, आणि थ्री फेज सिक्स-पल्स ड्राइव्हमध्ये पाचवा आणि सातवा, २५० आणि ३५०.

तिसऱ्याची गंमत, किंवा वैताग म्हणा, असा की तिन्ही फेजमधले तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये कॅन्सल होत नाहीत, बेरीज होते. समजा प्रत्येक फेजमध्ये ४० अँपिअर मूळ ५० हर्ट्झचा आणि २० अँपिअर तिसऱ्याचा आहे. फेजचा एकूण करंट येतो ४४.७, आणि लोड एकदम बॅलन्स असूनही न्यूट्रलमध्ये ६० अँपिअर. जुन्या इमारतीत न्यूट्रल फेजपेक्षा बारीक टाकलेला असेल तर वर सांगितलेली तुटक्या न्यूट्रलची गोष्ट इथूनच सुरू होते. म्हणून टाँगटेस्टर (वायरला वेढून करंट मोजणारा मीटर) फेजला लावता तसा न्यूट्रलला पण लावायचा, आणि तो ट्रू आरएमएसच (आकार बिघडला तरी खरा करंट दाखवणारा) पाहिजे. साधा ॲव्हरेज वाचणारा मीटर अशा टोकदार करंटला ३०-४० टक्क्यांपर्यंत कमी दाखवू शकतो, आणि मग "मीटरवर तर सगळं ओके आहे, केबल का तापते" असे प्रश्न पडतात.

दुसरी भानगड कपॅसिटरची. पॉवर फॅक्टरसाठी लावलेली बँक आणि ट्रान्सफॉर्मर मिळून कुठल्यातरी फ्रिक्वेन्सीला रेझोनन्समध्ये येतात, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीचा हार्मोनिक फुगतो. कुठल्या ते काढायला शॉर्ट सर्किट केव्हीएला कपॅसिटरच्या केव्हीएआरने भागून वर्गमूळ घ्यायचं. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स ५ टक्के, म्हणजे त्याच्या मागची ग्रिड धरली नाही तर शॉर्ट सर्किट लेव्हल २०,००० केव्हीए. बँक ४०० केव्हीएआर. भागाकार ५०, वर्गमूळ ७.०७. बरोबर सातव्या हार्मोनिकवर! आवारात व्हीएफडी असतील तर सातवा फुगतो, कपॅसिटरचे फ्यूज उडतात, कॅन फुगतात, लोक नवीन कॅन बसवतात, ते पण फुगतात. शिवाय ऑटोमॅटिक पॅनेल स्टेप आत-बाहेर करत असतं म्हणजे रेझोनन्सची जागा दिवसभर बदलते, त्यामुळे दुपारी मोजलं तर काही नाही आणि रात्री कमी लोडला गोंधळ. उपाय म्हणजे सिरीज रिअ‍ॅक्टर लावलेली डीट्यून बँक, ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर ५० हर्ट्झला साधारण १८९ हर्ट्झवर ट्यून होतो, पाचव्याच्या बराच खाली. पण लक्षात घ्या, रिअ‍ॅक्टर लावला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी वाढतं, जुनेच कपॅसिटर ठेवून नुसता रिअ‍ॅक्टर जोडायचा नाही, जास्त व्होल्टेज रेटिंगचे घ्यायचे.

व्होल्टेजची टीएचडी (सगळ्या हार्मोनिक्सची एकूण टक्केवारी) किती चालते? लो व्होल्टेजला आयईईई ५१९ आणि ईएन ५०१६० दोन्ही ८ टक्के म्हणतात. फक्त आयईईई ५१९ ची ही मर्यादा सप्लाय जिथे तुमच्या ताब्यात येतो त्या पॉइंटला आहे, एका ड्राइव्हच्या टर्मिनलला मोजून आरडाओरड करायची नसते.

सर्ज आणि ट्रान्झिएंट

रोज सकाळी त्याच वेळी ड्राइव्ह "डीसी बस ओव्हरव्होल्टेज" दाखवून पडतोय का? मग वीज-बीज काही नाही, मागे कुठेतरी मोठी कपॅसिटर बँक स्विच होतेय. त्यातून काहीशे हर्ट्झची रिंगिंग येते, पीक सहसा नॉर्मलच्या १.३ ते १.५ पट आणि जास्तीत जास्त दुपटीच्या आसपास. सर्ज प्रोटेक्टर एवढ्याला जागा पण होत नाही. ड्राइव्हच्या सप्लायच्या बाजूला ३ टक्क्यांचा लाइन रिअ‍ॅक्टर लावा, बहुतेक वेळा तेवढ्यात मिटतं, आणि हार्मोनिक्स पण थोडे उतरतात.

विजेच्या सर्जसाठी एसपीडी (म्हणजे सर्ज प्रोटेक्टर): लाइटनिंग अरेस्टर असलेल्या इमारतीच्या इनकमरला टाइप १, डिस्ट्रिब्युशन बोर्डला टाइप २, नाजूक उपकरणाजवळ टाइप ३. यातली सगळ्यात कॉमन चूक वायरच्या लांबीची. एक मीटर वायरचं इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री, आणि १० किलोअँपिअरचा सर्ज ८ मायक्रोसेकंदांत चढतो, म्हणजे त्या एका मीटरवरच हजार-बाराशे व्होल्ट पडतात आणि ते एसपीडीच्या व्होल्टेजमध्ये ॲड होऊन उपकरणाला मिळतात. फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थ, दोन्ही मिळून वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची. पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यात एसपीडी आणि सुंदर गोल वळण घेऊन तळाच्या अर्थ बारपर्यंत गेलेली हिरवी वायर, दिसायला फार नीट, कामाला शून्य. एसपीडीवरची खिडकी लाल झाली का तेही बघत जा.

फ्लिकर

लाईट थरथरतात पण काही बंद पडत नाही. डोळा ८-९ हर्ट्झच्या आसपास सगळ्यात हळवा असतो, तिथे व्होल्टेज पाव-अर्धा टक्का हललं तरी जाणवतं, म्हणून मल्टिमीटरवर काहीच दिसत नाही आणि माणसं मात्र डोकेदुखीची तक्रार करतात. वेल्डिंग, आर्क फर्नेस, सारखी चालू-बंद होणारी मोटर हे नेहमीचे संशयित. मोजताना पीएसटी (फ्लिकर किती जाणवतो त्याचा आकडा) बघायचा, तो १० मिनिटांचा असतो आणि १ च्या वर गेला की त्रास होतो. पण आधी दिवा बदलून बघा, आजकाल अर्ध्या केसमध्ये स्वस्त एलईडी आणि न जुळणारा डिमर एवढंच निघतं.

लॉगर लावताना

साधा मल्टिमीटर सेकंदाला तीन-चार वेळा रीडिंग बदलतो, १०० मिलिसेकंदांचा सॅग त्याला दिसत नाही. पॉवर क्वालिटी ॲनालायझर भाड्याने मिळाला तरी चालेल, आयईसी ६१०००-४-३० क्लास ए चा, म्हणजे अचूकतेच्या वरच्या वर्गाचा, असेल तर सप्लायवाल्यांशी वाद घालताना रीडिंगवर बोट ठेवायला जागा राहत नाही. किमान पूर्ण एक आठवडा, सुट्टीच्या दिवसासकट. सरासरी १० मिनिटांची ठेवा पण त्याबरोबर प्रत्येक इंटरव्हलचा मिनिमम आणि मॅक्झिमम रेकॉर्ड होतोय ना ते सेटिंगमध्ये बघा, नुसत्या सरासरीत सॅग विरघळून जातो आणि रिपोर्ट एकदम स्वच्छ येतो. इव्हेंटची लिमिट ९० आणि ११० टक्के, हिस्टेरिसिस (इव्हेंट संपला धरायला लागणारा जादा फरक) २ टक्के, वेव्हफॉर्म कॅप्चर चालू. करंट मोजायच्या फ्लेक्झिबल कॉइलवरचा बाण लोडकडे, आणि लावल्यावर तिन्ही फेजचे किलोवॅट प्लसमध्ये आहेत ना बघा, एक मायनसमध्ये दिसला तर कॉइल उलटी आहे किंवा फेजची अदलाबदल झालीये. फोटो काढून ठेवा कनेक्शनचे.

पहिला लॉगर इनकमरला. तिथे काही दिसलं नाही आणि मशीन तरी पडलं, तर दुसरा आठवडा मशीनच्या टर्मिनलला. दोन लॉगर एकत्र मिळत असतील तर दोन्ही एकदम लावा, वेळ वाचतो.

मग लॉगरचे इव्हेंट आणि वही शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवायची. ज्या इव्हेंटला काहीच बंद पडलं नाही ते पण सोडू नका, त्यातून कळतं मशीन किती सहन करतं: समजा ७५ टक्क्यांचे सगळे सॅग पचले आणि ६८ ला दोनदा पडलं, तर कॉइल ७० च्या आसपास सुटतेय, आणि उपाय तेवढ्यापुरता पुरे. यूपीएस घ्यायचाच असेल तर हीच यादी त्याला लावून बघा. ऑफलाइन यूपीएस बॅटरीवर जायला ४ ते १० मिलिसेकंद घेतो, कॉम्प्युटरला ते चालतं, सगळ्याच रिलेंना चालेल असं नाही. ऑनलाइनला तो गॅप नसतो, पण तो सारखा चालतो म्हणून गरम होतो आणि बॅटरीची खोली थंड ठेवावी लागते.

सप्लाय कंपनीकडे तक्रार द्यायची झाली तर "वारंवार फ्लक्च्युएशन" असं लिहू नका. तारीख, वेळ, कुठल्या फेजवर, किती टक्क्यांपर्यंत पडलं, किती मिलिसेकंद, त्या वेळी आपला करंट चढला का उतरला, एवढं एका तक्त्यात आणि सोबत दोन-तीन वेव्हफॉर्म. त्यांच्याकडे ब्रेकर ट्रिपिंगचं रेकॉर्ड असतं, वेळ जुळली की कुठल्या फीडरचा फॉल्ट होता ते त्यांनाही बघता येतं. आणि जे काही बसवाल ते बसवून झालं की त्याच पॉइंटला, त्याच सेटिंगवर लॉगर परत आठवडाभर लावा.